आठ मैलांचा फाटा

गेल्या शनिवारी लिहिणं जमलं नाही. कारण सांगतो, कारण आजचा लेख त्यातूनच निघालाय.

आमच्या ऑफिसात गेले काही महिने एक 'सामायिक इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म' बांधणं चालू आहे. नाव भारदस्त असलं तरी भानगड सोपी आहे. आजकाल कुठलंही सॉफ्टवेअर एकट्याने जगत नाही. पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवे लागतो, ओटीपी पाठवायचा तर एसेमेसवाला, माल पोचवायचा तर कुरिअरवाला, पत्ता बरोबर आहे का बघायला आणखी कोणी. हे सगळे बाहेरचे. आमच्याकडे टीम नऊ, बाहेरच्या सेवा सात, आणि प्रत्येक टीमने प्रत्येकाशी आपापली सोयरीक जुळवलेली. म्हणजे नऊ सत्ते त्रेसष्ट जोडण्या! बाहेरच्या एकाने एपीआय बदलला की नऊ ठिकाणी दुरुस्ती. मग ठरलं की मधे एकच प्लॅटफॉर्म उभारायचा. आतल्यांनी फक्त त्याच्याशी बोलायचं, बाहेरच्यांशी काय ते तो बोलेल. नऊ अधिक सात, सोळा जोडण्या. फळ्यावर चित्र काढलं की इतकं सुंदर दिसतं म्हणून सांगू!

तर गेल्या शुक्रवारी रात्री पत्ते तपासणारी बाहेरची सेवा मंदावली. बंद नाही पडली, नुसती मंदावली. आमचा प्लॅटफॉर्म गुणी बाळासारखा तिच्या उत्तराची वाट बघत बसला, आणि त्याच्या मागे नऊच्या नऊ टीम वाट बघत बसल्या. पूर्वी एका घरात अंधार व्हायचा, आता अख्ख्या आळीत झाला. मी ऑन-कॉल होतो. पहाटे साडेतीनला लॉग वाचता वाचता मला मामा आठवला.

माझं आजोळ खामगावजवळचं. बुलढाणा जिल्हा. लहानपणी दिवाळीनंतर मामाबरोबर कापसाच्या गाडीवर बसून मार्केटला जायचो. गाडीत कापसावर झोपण्यासारखं सुख नाही, ते असो. एकदा मामा फार गप्प गप्प परतला. मी विचारलं, भाव कोण ठरवतं? मामा म्हणाला, "भाव आपल्या हाती कुठी हाय बाबू? तो वरून येते." मी इमानदारीत आकाशाकडे बघितलं होतं :)

हे 'वर' म्हणजे नक्की कुठे, ते पुढे पुस्तकं चाळताना कळलं. आणि हेही कळलं की मी ऑफिसात जे बांधतोय ते माझ्या आजोळी १८७० सालीच बांधून झालं होतं. रूळ, तार, गाठी आणि वखारी यांचं बनलेलं, पण बांधणी तीच.

आधी त्याच्याही आधीचं बघू. वऱ्हाडातला कापूस बाहेर जायचा तो बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, बैलांच्या पाठीवर. एक मोठी वाट थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जायची, तिथून नावेने कलकत्त्याकडे. मुंबईकडे माल पाठवण्याचा पहिला मोठा खटाटोप १८२५-२६ च्या सुमाराला विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी केला. म्हणजे ज्याला बाहेरच्या बाजाराशी जोडून घ्यायचं त्याने आपला तांडा बघायचा, आपला अडत्या धरायचा, आपली हुंडी वटवायची, वाटेतल्या नाक्यांवर आपला जकातीचा वाद घालायचा. वजनं गावोगाव वेगळी. प्रत्येकाची आपापली जोडणी. आमच्या त्रेसष्ट जोडण्यांचाच प्रकार, फक्त चार पायांचा.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मुंबईत तेव्हा पैशाचा पाऊस पडला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सट्टेवाले कसे आपटले ती प्रेमचंद रायचंदची कथा बहुतेकांना माहीत असते. इंग्रज व्यापाऱ्यांनी यातून धडा घेतला तो असा, की एकाच पुरवठादारावर विसंबून राहू नये. दुसरा हवाच. आमच्याकडेही हाच नियम आहे, फक्त त्यासाठी युद्ध व्हावं लागत नाही.

त्या दुसऱ्या पुरवठादाराला जोडून घेण्यासाठी मग भराभर कामं झाली. जीआयपी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. मुख्य मार्ग खामगावला मात्र चुकवून जलंबवरून गेला. खामगाव ही तेव्हा वऱ्हाडातली बडी कापूसपेठ, आणि स्टेशन आठ मैल दूर. आठ मैल म्हणजे तेरा किलोमीटर, काय मोठंसं? पण काळ्या मातीत पाऊस पडल्यावर बैलगाडी हाकून बघा. सगळी आगगाडी, सगळा समुद्र पार करून माल जाणार, आणि रुतणार कुठे तर या आठ मैलांत!

म्हणून सरकारने जलंब-खामगाव फाटा बांधला. मार्च १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला खामगावात आला. एवढ्याशा फाट्याला व्हाइसरॉय कशाला, असं वाटेल. आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबर १८६९: सुएझ कालवा खुला. मार्च १८७०: खामगाव फाटा खुला. जून १८७०: समुद्राखालच्या तारेने मुंबई इंग्लंडला जोडली गेली. सात-आठ महिन्यांच्या आत माल जाण्याची वाट आणि भाव येण्याची वाट, दोन्ही तयार. आदल्या वर्षापर्यंत आफ्रिकेला वळसा घालून जाणारा कापूस आता कालव्यातून जाणार, आणि लिव्हरपूलची बातमी समुद्राखालच्या तारेवरून येणार. मामाचं 'वर' हे असं सापडलं. ते आकाशात नव्हतं, समुद्राखाली होतं.

इंजिनियरच्या नजरेने बघितलं तर या फाट्यातली सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे त्याची रुंदी. मुख्य मार्गाइतकीच ठेवली, साडेपाच फूट. त्यामुळे खामगावला भरलेला डबा न उघडता मुंबईला पोचायचा. याउलट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जे फाटे निघाले, म्हणजे आपली शकुंतला, ते अडीच फुटी. मूर्तिजापूरला सगळ्या गाठी उतरवा, दुसऱ्या डब्यात चढवा. दोन सिस्टिमचे फॉरमॅट जुळत नसले की मधे बसून एक्सेल शीट बदलणारा बिचारा एक माणूस असतो ना, तो मूर्तिजापूरचा हमाल.

पण नुसते रूळ जुळून भागत नाही, मालही एकसारखा दिसावा लागतो. कापूस मुळात किती वेगवेगळा! या शेतातला लांब धाग्याचा, त्या शेतातला आखूड, कुठे ओला, कुठे पाचोळा. तारेवरून एवढं वर्णन कोण पाठवणार? मग सगळं एका साच्यात बसवलं. रुई प्रेसमध्ये दाबून ३९२ पौंडांची गाठ, अशा दोन गाठींची ७८४ पौंडांची एक खंडी, आणि वऱ्हाडी कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात एक नाव, 'उमरा'. उमरावती म्हणजे अमरावती, त्यावरून. ती खंडी अजून जिवंत आहे बरं का. आजही आपल्याकडे रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीवर सांगतात, तो आकडा म्हणजे तेच ७८४ पौंड. एकदा ठरलेला स्कीमा दीडशे वर्षं बदलत नाही, हे आमच्या आर्किटेक्टला फ्रेम करून द्यायला हवं.

साच्याचा फायदा उघड आहे. ज्याने खामगाव कधी बघितलं नाही तो लिव्हरपूलला बसून शंभर गाठींचा सौदा करू शकतो. विंटरथुर आणि मुंबई अशा दोन ठिकाणी १८५१ मध्ये सुरू झालेल्या वोल्कार्ट ब्रदर्स या स्विस पेढीने १८७० मध्येच खामगावात खरेदीसाठी आपली एजन्सी उघडली. प्लॅटफॉर्म उभा राहिला की त्यावर दुकानं थाटणारे लगेच येतात.

तोटा मात्र हळूहळू कळतो. साच्यात जे मावत नाही ते हरवतं. वऱ्हाडात 'बनी' नावाचा लांब, मऊ धाग्याचा कापूस व्हायचा. आणि 'जरी' नावाचा आखूड, जाडाभरडा, पण काटक आणि रुईचा उतारा जास्त देणारा. बनीची जास्तीची मेहनत भरून निघेल एवढा फरक शेतकऱ्याच्या हातात पडत नव्हता. मग त्याने शहाण्या माणसाने करावं तेच केलं, जरी पेरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनी मागे पडत गेला. इंग्रज अधिकारी तक्रार करत राहिले की वऱ्हाडी कापसाची प्रत घसरली. साहेब, तुमच्या स्कीमात प्रतीला नीटसा रकानाच नव्हता, त्याला शेतकरी काय करणार?

इथवर मला ही सगळी गोष्ट तांत्रिक कौतुकाची वाटत होती. मग हॅरी रिव्हेट-कार्नाक भेटला. हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. फाटा, बाजार, तार या सगळ्यामागे धडपडणारा हुशार आणि कामसू माणूस, आजच्या भाषेत प्रॉडक्ट मॅनेजर. त्याने आपल्या अहवालात फायदे मांडताना एक हिशोब सरळ लिहून ठेवलाय. रेल्वे आली की विलायती कापड इथे स्वस्तात उतरेल आणि देशी कापड मागे पडेल. म्हणजे सूत कातण्यात इथेच खर्च होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. शिवाय कातणारे-विणणारे हातही मोकळे होतील, ते शेतमजुरीला लागतील, आणखी रान मोडून आणखी कापूस पेरता येईल.

मी हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. यात कुठे दुष्टावा नाही, आरडाओरडा नाही. अगदी आमच्या डिझाइन डॉक्युमेंटसारखी भाषा. विणकर त्या हिशोबात आहेत, पण 'मोकळे होणारे हात' म्हणून. गोष्ट उपयोगी होती का? होती. पण कोणाच्या गरजेसाठी बांधली ते शोधायचं तर फाट्याचा नकाशा बघावा. खामगावपासून मुंबईपर्यंत रूळ सलग. आणि खामगावच्या पुढे, चिखली, देऊळगाव राजा, जालन्याकडे? काही नाही. फाटा तिथे आला, कापूस उचलला, काम झालं. खामगाव-जालना रेल्वेची मागणी कित्येक दशकं चालू आहे. बुलढाणा तर जिल्ह्याचं ठिकाण, आजही तिथे रेल्वे नाही, मलकापूरला उतरून घाट चढावा लागतो. गावाला गावाशी जोडणं हा त्या प्लॅटफॉर्मचा उद्देशच नव्हता.

आता अंधाराची गोष्ट. जोडणीवरून माल जातो, भाव येतो, तसा बाहेरचा आजारही येतो. पूर्वी वऱ्हाडात ज्वारी पेवात भरून ठेवायचे. जमिनीत खोल खड्डा, आत कडबा नि पाला लावून भरलेलं धान्य, वर्षानुवर्षं टिकणारं. कॉम्प्युटरवाल्यांना सांगायचं तर पेव म्हणजे कॅश. बाहेरून उत्तर आलं नाही तरी घर चालावं म्हणून ठेवलेला साठा. कापसाला रोख पैसा मिळतो म्हटल्यावर ज्वारीचं रान कापसाकडे वळू लागलं. पिकलेल्या ज्वारीलाही रेल्वेमुळे लांबचं गिऱ्हाईक मिळालं. धान्य काय, बाजारात कधीही मिळेल, अशी समजूत. १८९६-९७ मध्ये एक दुष्काळ झाला. १८९९ मध्ये पाऊस पुन्हा दगावला आणि १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडात फार माणसं नेली. रेल्वे चालू होती, तार चालू होती, बाजारात धान्य येतही होतं. पण भाव चढलेले आणि शेतात काम नाही म्हणून मजुराच्या हातात पैसा नाही. लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातल्या कापसावर आणि दुष्काळावर मिळून एक अख्खं पुस्तक लिहिलंय, १९९७ साली. दोन्ही विषय एकाच पुस्तकात का, याचं उत्तर त्या रिकाम्या पेवात आहे.

आणि इथे मला माझा शुक्रवार आठवला. आमच्याकडे दोन जणांची एक छोटी टीम आहे. त्यांनी पिनकोड आणि गावांच्या नावांचा एक तक्ता स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवला होता. पत्त्याची सेवा बंद पडली तरी काम अडू नये म्हणून. तीन महिन्यांपूर्वी तो मीच काढायला लावला. मी लिहिलेला शेरा अजून सिस्टिममध्ये आहे: "आता प्लॅटफॉर्म आहे, याची गरज नाही." त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली होती, "राहू दे ना, काही खात नाहीये तो." मी मीटिंगमध्ये हसलो होतो. गेल्या शुक्रवारी तो तक्ता असता तर निदान त्या दोघांचं काम चालू राहिलं असतं. कोणी मेलं नाही, काही ऑर्डरी लटकल्या, एवढंच. दोन गोष्टींची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण पेव बुजवणाऱ्या माणसाचा तोरा कसा असतो, ते मला आतून कळलं.

मग उपाय काय? सगळे फाटे उखडून परत तांडे सुरू करायचे? मामाही हो म्हणणार नाही. जोडणी नसण्याचे हाल जोडणी असण्याहून कमी नसतात. वऱ्हाडनेच याचं एक उत्तर शोधलं, आणि त्याला वेळ लागला. बाजारात व्यापारी नि दलाल उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करायचे, शेतकऱ्याला भाव शेवटी कळायचा. त्यातून अडत, हमाली, तोलाई, कडता कापून जायचं ते वेगळं. १८८६ मध्ये कारंजा लाडला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. परवानाधारक दलाल, तपासलेली वजनं, ठरलेली जागा आणि देखरेखीला एक समिती. आज ज्याला आपण एपीएमसी म्हणतो तिची ही पणजी.

फक्त त्या समितीत व्यापारी होते, नगरपालिकेचे लोक होते, आणि ज्याचा कापूस तो शेतकरी नव्हता. बाजार समितीत शेतकऱ्याच्या प्रतिनिधींना जागा देणारा कायदा मुंबई इलाख्यात यायला १९२७ उजाडलं. फाटा बांधला १८७० मध्ये, खुर्ची मिळाली सत्तावन्न वर्षांनी, आणि तीही शेजारच्या इलाख्यात.

तोवर 'वर' ही जागाही बदलत होती. लिव्हरपूलचं महत्त्व ओसरलं, न्यूयॉर्कचं वाढलं. न्यूयॉर्कच्या कापसाचे उघडते आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजला यायचे आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं, तेव्हा खेळणाऱ्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. तोच मटका. एपीआय कोण कशाला वापरेल याचा नेम नसतो!

आणि आता? २००० मध्ये ॲगमार्कनेटवर बाजारभाव यायला लागले. १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम सुरू झालं, बाजार समित्यांना एका ऑनलाइन व्यवहारात जोडणारं. जुलै २०२२ मध्ये त्यावर 'प्लॅटफॉर्म ऑफ प्लॅटफॉर्म्स' आलं. वाहतूक, गोदाम, प्रत तपासणी, कर्ज, विमा असल्या बाहेरच्या सेवा देणाऱ्यांनी एकाच ठिकाणी जोडून घ्यायचं आणि शेतकऱ्याने तिथूनच निवडायचं. हे वाचल्यावर मला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. हुबेहूब आमचंच फळ्यावरचं चित्र! यात प्रत तपासणीला रकाना आहे, ही बनी-जरीच्या काळापेक्षा मोठी सुधारणा. पण जुने प्रश्न आपल्या जागी उभे आहेत. रकाने कोण ठरवतो? सेवा मंदावली तर लिलावासाठी ढीग घालून उभ्या असलेल्या माणसाने संध्याकाळी काय करायचं? आणि त्या ठरावाच्या बैठकीत तो स्वतः असतो का?

सोमवारी मी ऑफिसात तीन गोष्टी केल्या. टाइमआउट लावले, ते आधीच लावायला हवे होते. त्या दोघांचा पिनकोडचा तक्ता परत बसवला, आणि माझा जुना शेरा न खोडता त्याखाली 'माझी चूक' असं लिहिलं. तिसरी गोष्ट अशी की प्लॅटफॉर्मचा पुढचा करार ठरवणाऱ्या बैठकीत सगळ्यात छोट्या टीमचं कोणीतरी बसलंच पाहिजे, असा नियम मांडला. त्यावर अजून वाद चालू आहे. वेळ जातो म्हणतात. जातोच. सत्तावन्न वर्षांपेक्षा कमी जाईल, असं मी म्हटलं, तर कोणाला काही कळलं नाही.

रविवारी मामाला फोन केला आणि ही सगळी कथा ऐकवली. लिव्हरपूल, सुएझ, समुद्राखालची तार. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे तवाबी वरूनच येत होता म्हन."

हो मामा. तेव्हाही वरूनच.